लाभ

आमच्याकडं मोजणीत एक नसतो.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं. मग दोन. मग तीन.
वडील हे अधोलीवर म्हणत,
मी म्हणत आलो इलेक्ट्रॉनिक काट्यावर,
तांबडे आकडे लुकलुकायचे थांबले की,
अंदरसूलच्या उपबाजारात, एकोणतीस हंगाम,
मापाऱ्याचा बिल्ला खिशाला लावून.

त्या मक्यालाही म्हणालो.
दिवाळीआधीचा माल, ओलावा चौदा.
रंभाजी एंडाईतच्या दोन ट्रॉल्या,
जेजुरकर भावांची एक, दोघांत मिळून,
आणि कडूबाई वाघचौरे,
पिकअपच्या हौद्यात, मोकळ्या मक्यावर मांडी घालून आलेली.
उतरली तेव्हा चपलेतून दाणे पडले,
ते तिनं वेचून परत ढिगात टाकले.
"तुझ्या काट्यात येऊ दे," म्हणाली.
आले. किलोला किलो आले.
पट्टीवर खाली डाव्या कोपऱ्यात माझी सही.

मातृछाया ग्रेन्सचा माणूस म्हणाला, आठ दिवस.
मग पंधरा.
मग त्याचा फोन नुसता वाजायचा,
मग वाजेनासा झाला,
आणि गोदामाच्या शटरवर एक कागद आला, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला.
कंपनी दिवाळखोर.
मका आत. कुलूप बाहेर.
आतला मका आता कुणाचा, ते मुंबईत ठरणार.
शटरच्या फटीतून आंबूस वास यायचा
आणि सोंडे यायचे, एकेक, सावकाश,
जेवण झाल्यासारखे.

लोक माझ्याकडं आले.
व्यापारी सापडत नव्हता, मी सापडत होतो.
कुणी शिवी दिली नाही.
पट्टी पुढं धरायचे फक्त,
सहीवर अंगठा ठेवून.

नाशिकला गेलो ते सहाच्या गाडीनं.
मेळा स्टँडवर चहा, तो रंभाजीनं पाजला,
पैसे त्यानंच का द्यावेत यावर थोडं भांडण.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
टेबलामागं एक तरुण, नेमलेला,
बोलायला मऊ. आधी पाणी मागवलं.
फॉर्मच्या डोक्यावर छापलं होतं: धनको.
कडूबाईनं बोट ठेवून वाचलं,
साक्षरता वर्गातलं तिचं वाचन, अक्षर अक्षर,
"धन नको? असं कधी म्हणाले मी?"

तो हसला, मग हसू आवरलं.
"आजी, धनको म्हणजे ज्याचं येणं आहे तो.
कंपनी ऋणको. तुम्ही धनको."
सोसायटीच्या वहीत उभा जन्म
दुसऱ्या रकान्यात काढलेली बाई
खुर्चीत जरा सरळ बसली.
"मग आधी माझं देणार."

त्यानं यादी वाचली.
आधी या कारवाईचा खर्च, मग बँक, मग कामगार,
पुढं आणखी कोण कोण,
आणि खाली कुठंतरी, इतर.
इतरमध्ये आम्ही एकशे बारा जण.
"आणि तुमचं?" त्यानं मला विचारलं.
माझी तोलाई. त्यांच्याच पट्टीतून कापलेली,
कंपनीकडंच राहिलेली. अकराशे चाळीस.
लिहिली नाही.
"ही सही तुमचीच ना?" "माझीच."
"वजन बरोबर?"
वजन बरोबर होतं.

परतीच्या गाडीत कडूबाई खिडकीशी.
निफाड गेलं, लासलगाव फाटा गेला,
विंचूरला म्हणाली, "पाणी थंड होतं पण."

आज पुन्हा काटा लावलाय.
नवा व्यापारी, नवा फलक, रंग अजून ओला.
कडूबाईचं सोयाबीन, अकरा पोती.
पहिलं पोतं हमालानं ठेवलं
आणि तिनं त्यावर हात ठेवला.
"आज एक म्हण," म्हणाली.
"लाभ नंतर म्हण. पैसे मोजताना."

एकोणतीस हंगाम हा शब्द तोंडात आलेला नाही.
जीभ शोधते आहे कुठून सुरू करायचं.
यार्डात वारा सुटलाय,
आकडा स्थिर होत नाही,
तिचा हात अजून पोत्यावर,
आणि मी तिला म्हणत नाही
की हात काढ.