कोड शून्य नऊ

नागदेवी स्ट्रीट, दुसरा माळा.
एकोणीस हजार नगांना मी कोड दिले.
घागकाका शिडीवरून सांगत राहिले :
हे आतून गंजलंय,
ते खोक्यावर लिहिलंय त्याहून एक नंबर मोठं,
आणि हे विकायचं नाही.
का, ते त्यांनाही आठवेना.

एक एप्रिलला वह्या बासनात, सिस्टीम चालू.
अकराच्या सुमाराला पहिली लाल ओळ :
ऑइल सील, पस्तीस एमएम.
नोंदीत बारा, फळीवर नऊ. तफावत, उणे तीन.

"तफावत कसली गं त्यात?
तीन समोर आहेत, अब्बासभाईंकडे.
दिवाळीच्या आधी नेलेत. येतील."

चिठ्ठी? नाही.
उसनवारीला रकानाच नव्हता.
विक्री म्हणावी तर बिल हवं,
तूट म्हणावी तर ती कुणाच्या तरी नावावर टाकायला हवी.
हेड ऑफिसचा फोन वाजत होता.
मी एक नवं गोदाम उघडलं. कोड शून्य नऊ,
नाव : समोर.
तीन सीलं तिकडे सरकवली.

काल ऑडिटच्या नाडकर्णींनी विचारलं,
शून्य नऊचं क्षेत्रफळ?
काकांनी खिडकीतून खाली पाहिलं,
एक हातगाडी जाऊ दिली,
म्हणाले, मोजलं नाही कधी.