नावं ठेवणं

अकरा बिया होत्या. काळ्या, वाटाण्याहून लहान,
अर्ध्या अंगावर नारिंगी पांघरूण ओढलेल्या.
ओलिनालाच्या वरच्या घळीत सापडल्या.
कुठल्या झाडाखाली, आठवत नाही,
मी तेव्हा पळालेलं करडू शोधत होते.

रंगाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली,
नदीची वाळू घातली, थोडी राख.
पावसात सात उगवली.
नोव्हेंबरात सातही मेली,
म्हणजे मला तसं वाटलं.
निसेफोरो म्हणाला, फेकू नकोस,
इथली झाडं सहा महिने मेल्याचं सोंग घेतात.
नखाने काडी खरवडून दाखवली:
आत हिरवं.

जूनमध्ये पाच जागी झाली.

शाळेतली बाई म्हणाली, कोपाल.
चर्चचा राखणदार म्हणाला, कोपाल कसला,
हे चुलीत घालायचं काहीतरी.
माझी जाऊ बेर्निता पान चुरगळून नाकाशी नेई,
एकदा संत्रं म्हणे, एकदा रॉकेल.
नावं ठेवली सगळ्यांनी,
नाव कुणी दिलं नाही.

लहानपणीची पानं खोटं बोलतात, मला कुठे माहीत?
पहिल्या वर्षी कातरलेली, झालरीची,
तिसऱ्या वर्षी दुसऱ्याच कुणाची.
देठाला दोन्हीकडून बारीक पंख आहेत का बघ,
निसेफोरो सांगायचा.
मी बघायचे. कधी असायचे, कधी नसायचे.

चौथ्या उन्हाळ्यात एकाची साल सुटली,
पिवळी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
म्हणजे तो कुआहिओते. बरं, तू कुंपणाला.
उरलेली चार राखाडी, गुळगुळीत, तोंड मिटून.

मला हवं होतं लिनालोए.
त्याच लाकडाची आईची पेटी,
रंग उडालेला, बिजागरी तुटलेली.
आत दोन बटणं आणि कसलीशी पावती,
पण झाकण उचललं की अजून तोच वास.
आता तर पाइनला तेल चोपडून
तसल्या पेट्या विकतात बाजारात.

हा वास पोरवयात येत नाही.
खोडाला खाच पाडायची, थांबायचं,
मग जखमेभोवती लाकूड हळूहळू भरत जातं.
निसेफोरोने कोयता हातात दिला.
मी म्हटलं, उद्या.
तीन वर्षं उद्याच म्हणत होते.

शेळीला तेवढा धीर नव्हता.
तेच ते करडू, आता म्हातारं, निम्मे दात पडलेलं.
दावं तोडलं आणि तिसऱ्या झाडाचा
कमरेशी लचका काढला.
मी तिला शिव्या घातल्या, जखमेला माती लिंपली.

परवा माती गळून पडली.
मी नाक लावलं.
घरात जाऊन पेटी उघडली, बाहेर आले,
पुन्हा आत, पुन्हा बाहेर.
निसेफोरो दारात हसत उभा: झालं का बारसं?
शेळी सावलीत रवंथ करत होती.

आता म्हणे ते फुलावर यायला हवं,
तेव्हा कळेल नर की मादी.
बाकीच्या तिघांजवळ अजून कोयता नेलेला नाही.
दावं मात्र नवीन आणलंय.