पाच फिकट, पाच गडद

भोपळ्यावर वाढवतो आम्ही त्यांना.
विजापूर रोडच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
नऊ लाल भोपळे, नऊ पितळी बशा,
आणि भोपळ्यांवर कुणाच्या हातून कणीक सांडावी
तसे पिठ्या ढेकूण.

सांगोल्याहून बिराप्पा गावडे यांनी पाठवले होते,
डाळिंबाच्या देठासकट, पेपरात गुंडाळून.
आत चिठ्ठी: मॅडम, काय फवारू?

मादी सुईनं उघडायची.
पोटातले गर्भ काचेवर, त्यावर कार्माइनचा थेंब,
त्यावर काचेचा पापुद्रा, मग टिपकागद, मग अंगठा.
दाबायचं, पण सरकू द्यायचं नाही.
शिरक्याचा वास बोटांना, रात्री भाकरीलाही.

सहा आठवडे मी वहीत लिहीत होते: विभाजनात दोष.
दहा गुणसूत्रं. पाच मोकळी, फिकट,
आणि पाच एकमेकांना बिलगून
पेशीच्या कडेला गोळा, जांभळट, मुकी.
एका गर्भात असं, शेजारच्यात नाही.
रंग जुना असेल म्हणून नवा उकळला.
अंगठा चुकला असेल म्हणून अंगठा बदलला.
एकोणिसाव्या काचेवर होनराव बाई वाकल्या,
चष्मा कपाळावर सारला.

"चूक नाही गं. रीत आहे त्यांची.
हे मुलगे. अन् हा गोळा बापाकडून आलेला.
मुलगा तो जन्मभर अंगात बाळगतो, उघडून वाचत नाही,
आणि पुढं द्यायची वेळ आली की
टाकून देतो."

आणि मुली?

"मुली दोन्हीकडचं वाचतात."
मग चहा आला.

नराला पंख असतात, तोंड नसतं.
दोन-तीन दिवस उडतो, खात काहीच नाही.
वहीतला 'दोष' मी खोडला,
पण खोडल्यावर तिथं काय लिहायचं, सुचलं नाही.

गुरुवारी दुपारी वीज गेली. पूर्व भागातले माग बंद पडले,
म्हणून नायना डबा घेऊन स्वतःच आले.
मी आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेला,
उन्हाचा एक तुकडा त्यात धरला.
चौतीस वर्षं टॉवेलच्या मागावर:
कानात आता नुसती खटखट उरलीय,
डोळा मात्र असा, की तुटलेलं सूत
तिसऱ्या मागावरून ओळखतात.

बराच वेळ पाहिलं त्यांनी, श्वास धरून.
मग मोठ्यानं म्हणाले, हळू बोलणं त्यांना जमत नाही,
"पोगु तेगिंदी."
धागा तुटलाय.

तुटला नाही, मी कानाशी जाऊन ओरडले,
मुद्दाम सोडलाय.
"कुणाचा?"
जिन्यावरनं पोरं चालली होती. मी म्हटलं,
किड्याचा.
ते हसले. पुन्हा भिंगाला डोळा लावला.
"मग गाठ कोण मारतं?"

डबा उघडला तर भात अजून कोमट होता.

संध्याकाळी ते गेल्यावर
बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं,
आणि मधेच थांबले.
एका हाताची गाठ, अंगठ्याखालून, न बघता.
सातवीत असताना शिकवली होती त्यांनी,
शिकवली म्हणजे, एकदा माझ्यासमोर मारली.
ही कुठल्या पाचांत आहे,
होनराव बाईंनाही सांगता यायचं नाही.
बोटांना रंग लागलेला. धुऊन जात नाही लवकर.

गावड्यांना उत्तर अजून द्यायचंय.
खोडावर मुंग्या चढू देऊ नका,
एवढं खात्रीनं लिहू शकते.