घडी

कुताइसीच्या इस्पितळाच्या तळघरात
दोन यंत्रं धुतात, एक पिळतं,
घड्या मात्र माणसांनीच घालायच्या,
दोघींनी, समोरासमोर.
माझ्या समोर नाझिब्रोला.

पहिल्या आठवड्यापासून तिनं मला पाण्यात पाहिलं.
इथे ते सोपंच आहे म्हणा,
पाण्याला तोटा नाही.
मी मोजलेल्या चादरी ती पुन्हा मोजायची,
ओठ हलवत, मला ऐकू येईल इतपत.
चांगली इस्त्री कपाटात,
कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
सात वाजून पाच मिनिटं झाली की वहीत माझं नाव.
वही कुणी मागितली नव्हती,
कुणी वाचतही नव्हतं.

गोड बोलून पाहिलं. म्हणाली, "काय हवंय?"
गप्प राहून पाहिलं. म्हणाली, "तोरा बघा."
नव्या वर्षाला मधातली अक्रोडाची चिक्की नेली;
तिनं तुकडा चावला आणि सांगितलं
मध कुठल्या गावचा आहे, आणि तिथला का घेऊ नये.
मग बेसोकडे गेले, वरच्या मजल्यावर.
तो रेडिओ उघडून बसला होता.
"लामारा," तो म्हणाला, "ती आहे म्हणून टॉवेल जागेवर आहेत,"
आणि दातांत धरलेला स्क्रू हातात घेतला.

चादरीची घडी म्हणजे चार कोपरे, चार हात.
ताणायचं, झटकायचं,
मग एकमेकींकडे चालत यायचं
बोटांना बोटं लागेपर्यंत.
दिवसातून दोनशे वेळा मी तिच्याकडे चालत गेले.
नवऱ्याकडे सबंध संसारात तेवढी गेले नसेन.
आणि ती असा हिसका द्यायची
की माझे कोपरे निसटायचे,
चादर फरशीवर, फरशीवरून परत पाण्यात.
"धरता येत नाही का?"

एकदा मी मुद्दाम सोडली.
तिचा हिसका तिलाच लागला,
ती मागच्या टोपलीत जाऊन बसली, पाय वर,
मोजे दिसले. एक तपकिरी, एक निळा.
कुणी हसलं नाही. मी हसले.
ते हसू घरी न्यायचं होतं मला, बहिणीला सांगायला;
रिओनीच्या पुलावर येईतो उरलं नाही.

फेब्रुवारीत ती आली नाही, अकरा दिवस.
त्किबुलीला गेलीय, एवढंच कळलं.
तिच्या जागी एतेरी, एकोणीस वर्षांची,
नखांना चेरीचा रंग, सारखी फोनकडे नजर.
दुसऱ्याच दिवशी मी तिच्या चादरी पुन्हा मोजल्या.
ओठ हलत होते माझे.
तिसऱ्या दिवशी चादर फरशीवर पडली
आणि कुणीतरी म्हणालं, "धरता येत नाही का?"
तोच सूर. शेवटचा शब्द तसाच चिमटीत धरलेला.
एतेरीनं वर पाहिलं.
चेहऱ्याकडे नाही, माझ्या गळ्याकडे,
जणू तिथे किल्ली शोधत होती.

नाझिब्रोला परतली ती काळे मोजे घालून.
दोन्ही काळे.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
आधी थप्पी उपसली, वरची चादर उलगडली.
"ही घडी कुणाची?"
"माझी."
तीन वर्षं जिभेखाली ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे,
चांगली धारदार, काही तर पाठ.
त्यातलं एकही हाताशी आलं नाही.
मी दुसरं टोक उचललं.
तिनं हिसका दिला.
सुंभ जळतो, पीळ कुठे जातो.
मी धरून राहिले; ओढलं नाही, सोडलं नाही,
आणि चालत गेले.
तिची बोटं गार होती. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं,
की ती नेहमीच गार असतात.

एतेरी आली तेव्हा सात वाजून दहा झाले होते.
वही उघडली, पेनाचं टोपण निघालं.
मी म्हटलं, "भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे."
नव्हतं.
नाझिब्रोलानं भिंतीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, बराच वेळ.
तिनं टोपण लावलं नाही.
लिहिलंही नाही.