बोटभर फट

पहिल्या दिवशी तिच्या खांद्यावर
जांभळाएवढा डाग पडला,
दुसऱ्या दिवशी वांग्याएवढा.
तिसऱ्या दिवशी वनमाला शिंत्रे, राहणार वडणगे,
रायफलीकडं न बघताच म्हणाली,
"उस्ताद, ही मारतीया."

सगळ्याच मारतात, मी म्हणालो.
पंचवीस वर्षं हेच म्हणतोय मी,
त्यानं एकही डाग उतरलेला नाही.

बावड्याकडून मळीचा वास येत होता,
टारगेटच्या बोर्डांवर अजून दव.
मॅगझिन मी स्वतः भरलं,
पाचात एक फुसकं काडतूस, गुपचूप.

चौथ्याला तिनं घोडा दाबला
आणि नुसतं टक् वाजलं.
तरी नळीनं खाली डोकं घातलं,
डोळे मिटले,
खांदा मागच्या मागं पळाला.
न आलेल्या दणक्याला
तिनं आधीच उत्तर दिलं होतं.

रांगेतल्या पोरी हसल्या.
ती पालथीच पडून राहिली, गवताचं पातं चावत.
"म्हंजे ती मारायच्या आधी
मीच भ्यायला लागलो व्हय?"

मी पाठ केलेलं सुरू केलं:
दस्ता खोबणीत, गाल लाकडावर,
श्वास अर्धा सोडायचा, बोट हळू...
तिनं मधेच तोडलं.
"आमची एक म्हस हाय, उस्ताद, लई खोडील.
लांबून हात घातला की लाथ बसलीच.
कुशीत डोकं रुतवून बसलं
की लाथ उचलायला तिला जागाच गावत न्हाई.
नुसती ढकलती.
ढकलू दे की."

दस्ता आणि खांदा यांच्यात
बोटभर फट होती.
मला ती दिसत होती,
सांगायला मात्र एकच शब्द होता माझ्याकडं, घट्ट;
आणि घट्ट म्हटलं की पोरी
दातसुद्धा आवळतात.

तिनं फट मिटवली.
जबडा सैल, कोपर मातीत,
धारेला बसल्यासारखी.
आवाज झाला. खांदा मागं गेला
आणि सावकाश जागेवर आला.
डोळे उघडेच.

गोळी बोर्डाला लागली नाही,
मागच्या बांधावर धूळ उडाली.
वहीत मी शून्य लिहिलं,
लिहिताना हसत होतो.

आता नव्या बॅचला सांगतो,
म्हशीला टेकता तसं टेका.
राजारामपुरीच्या पोरी एकमेकींकडं बघतात.
कुठली म्हस, सर?

संध्याकाळी गंगावेशीत या म्हणतो, कट्ट्यावर.
धार काढताना नीट बघा.
दूध माझ्याकडून.