काटा

लहान विमानात माणसांचंही वजन करतात.
पुष्कळांना हे काट्यावर चढल्यावरच कळतं.

सोनेगावला, जुन्या इमारतीच्या दोन नंबरच्या दारापाशी
काटा होता, आणि काट्यापाशी मी.

कुंदा लांजेवारांनी चपला काढल्या,
देवळाबाहेर काढतात तशा, जोडून.
म्हटलं, राहू द्या बाई, त्याही जाणारच आहेत सोबत.
त्रेपन्न.

तितरमारे डॉक्टरांनी पोट आत ओढलं.
"पोट ओढून का होते जी?"
बायको हसली. ती फक्त सोडायला आली होती.
एक्क्याऐंशी.

मोमिनपुऱ्याचा तौफीक चष्म्याच्या फ्रेमा विकायचा.
पेटी सहा किलो जास्त भरली.
जादा पैसे ऐकून त्यानं डब्यांसकट साठ फ्रेमा काढल्या,
माझ्या टेबलाखाली सरकवल्या.
"शनिवारी नेतो, काका."

वैमानिकही चढला, कुणी न सांगता, टोपी हातात घेऊन.

बाहेर एप्रिलचं आभाळ मोहरीच्या तेलाच्या रंगाचं.
धावपट्टीवरची कापडी सोंड आडवी, ताठ.
दीड तास थांबले सगळे. चहा झाला, दोनदा.
मग पश्चिमेला एक फट उघडली,
आणि त्या फटीचा सगळ्यांनाच भरवसा वाटला.
मलाही.

अकराव्या मिनिटाला आमच्या टिनांवर गारा.
वरच्या मनोऱ्यातून कुणीतरी
एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होतं, विमानाचं,
शाळेत हजेरी घेतात तसं.

हिंगण्यापलीकडच्या टेकडीवर सापडलं,
पळसात.

चौकशीवाल्यांनी माझा कागद मागितला. बेरीज तपासली.
मर्यादेच्या एकशे चार किलो आत.
"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले,
आणि पेनाला टोपण लावलं.

शनिवारी तौफीकचे अब्बा आले.
फ्रेमा मोजल्या नाहीत.
एक डोळ्यांवर चढवली, भिंग नसलेली,
आणि काट्याकडे बघत राहिले बराच वेळ.

तो काटा रिकामा असला तरी तीनशे ग्रॅम दाखवतो.
पहिल्यापासूनच.
सात माणसं, म्हणजे दोन किलो शंभर.
हेही सांगितलं मी चौकशीत.
त्यानं काही फरक पडत नाही, म्हणाले.

पडत नसेल.
पण डॉक्टर ऐंशी किलो सातशेच होते,
पोट ओढून काय, न ओढून काय.
त्यांच्या बायकोला हे सांगायचं राहून गेलं.