खडूची गाडी

अच्युतनं सोफा भिंतीला लावला,
गालिचा गुंडाळून गॅलरीत उभा केला
आणि हॉलच्या फरशीवर खडूनं गाडी काढली.
लांबी साडेदहा फूट, रुंदी सहाला दोन इंच कमी.
खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मापं घेतलेला माणूस,
कोपऱ्यात गुण्या लावून बघावा अशी रेघ.

खरी गाडी वाकडच्या एका पोराकडे आहे,
आत पलंग, ओटा, बेसिन.
चार दिवस भाड्यानं, मार्गशीर्षात, रतनवाडीला.
कोतूळवरून जायचं की संगमनेर गाठून
यात दोन रविवार गेले.
उंची नऊ फूट दोन इंच. पुलांची मापं मिळतील,
वाटेतल्या फांद्यांची कुणाला विचारायची?

त्यानं सोमा भांगरेंना फोन लावला.
गाडी उभी करायला सपाट जागा आहे का हो?
पलीकडे कोंबडं आरवलं. मग बराच वेळ काहीच नाही.
"सपाट म्हणजे किती सपाट?"
"म्हणजे झोपल्यावर डोकं खाली जायला नको."
"मग चाकाखाली दगड लावू की. दगडाला काय तोटा."
अच्युतनं वहीत लिहिलं:
दगड – तिकडे मिळतील.

संडासाबद्दल तो एकदाच बोलला, वहीत बघत.
डबा असतो. औषध टाकायचं. नंतर रिकामा करायचा.
कोणी?
ते आपण ठरवू.

पाण्याचं मात्र मला समोर बसवून समजावलं.
टाकी साठ लिटरची. दोघं, चार दिवस,
भांडी, चहा, चूळ,
आंघोळ एकाआड एक दिवस, तीही तांबे मोजून.
जमेल ना तुला?

धायरीत चौथ्या मजल्यावर अकरा वर्षं झाली.
टँकर येतो तेव्हा हा टेकडीवर फिरायला गेलेला असतो,
परततो तोवर बादल्या भरून झाकलेल्या.
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला,
कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला.
त्याला वाटतं, नळाला पाणी असतं.
मी म्हटलं, जमेल.

शनिवारी रंगीत तालीम.
संध्याकाळपासून उजाडेपर्यंत रेघेच्या आतच राहायचं.
मी उभी राहिले की त्यानं बसायचं,
तो वळला की मी पोट आत घ्यायचं.
टीपॉयवर शेगडी ठेवून पिठलं टाकलं
आणि लक्षात आलं, मीठ स्वयंपाकघरात राहिलं.
मी उठले.
कुठे निघालीस? बाहेर दरी आहे.
चेहरा इतका गंभीर
की मी परत बसले. अळणीच खाल्लं.

पलंग म्हणजे चार फूट रुंदीची सतरंजी.
या घरात आम्ही दोन खोल्यांत झोपतो.
त्याच्या घोरण्यावरून सुरू झालं होतं ते,
पुढे कारण लागलं नाही.
आता त्याचं कोपर माझ्या बरगडीत,
आणि कुठे ठेवावं हे त्यालाही कळेना,
शेवटी माझ्याच अंगावर ठेवलं,
परक्याची वस्तू ठेवावी तसं.
घोरला. मी मोजत होते
पंखा, घोरणं, खालच्या रस्त्यावरचे डंपर.

दोनच्या सुमारास तो उठला.
अंधारात चाचपडत रेघेपर्यंत गेला.
फरशीवर दाराची फक्त रुंदी काढली होती,
उंची त्याच्या वहीत होती: पाच फूट चार इंच.
तिथं थांबला,
मान खाली घातली,
आणि जपून, काहीही डोक्याला न लागू देता
बाहेर पडला.
मी जागी होते हे त्याला माहीत नाही.
परत येतानाही वाकला.

सकाळी नसीमा फडकं पिळत उभी.
ताई, हे पुसायचं का?
मी यादीत मीठ लिहीत होते.
कडेकडेनं पूस, म्हटलं.